तिफण की पाभर?

मराठी विकिपीडियावर संपादक एकमेकांशी जिथं बोलतात, त्या पानाचं नाव आहे 'चावडी'. नवख्यानं हात बसवायच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात. ठरावीक कामं आपोआप उरकणारा बॉट म्हणजे 'सांगकाम्या', ॲडमिन म्हणजे 'प्रचालक', मतदान म्हणजे 'कौल'. हे शब्द कुठल्या सरकारी समितीनं पाडलेले नाहीत. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. तेव्हापासून ज्या मूठभर लोकांनी बिनपगारी, नोकरी-संसार सांभाळून, रात्री जागून तो उभा केला, त्यांच्यातच हे शब्द रुळले. मला 'सांगकाम्या' इतका आवडतो की ऑफिसातल्या माझ्या एका स्क्रिप्टचं नाव मी तेच ठेवलंय. टीममधला तमिळ मुलगा ते रोज नव्यानं चुकीचं म्हणतो.

'चावडी'पाशी मात्र मी अडते. माझी आजी सोनखेडकडच्या एका गावची. तिच्या बोलण्यात चावडी यायची ती 'चावडीसमोरून जाताना' अशीच. पदर पुढं ओढायचा, मान खाली घालायची आणि भरभर पुढं जायचं. जमलंच तर मागच्या बोळानं जायचं. गावकुसाबाहेरच्यांचं तर विचारायलाच नको. त्यांना चावडीवर बोलावणं यायचं ते बसायला नव्हे, उभं राहून ऐकायला. ज्यांनी हा शब्द निवडला त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. चावडी म्हटल्यावर त्यांना गप्पा आठवल्या असणार, पारावरची निवांत संध्याकाळ आठवली असणार. आजीला तोच शब्द ऐकवला असता तर तिला मागचा बोळ आठवला असता.

ज्ञानकोश, नकाशे, मुक्त सॉफ्टवेअर, अशी अनेकांनी मिळून फुकट करायची जी कामं इंटरनेटवर चालतात, त्या सगळ्यांत हा तिढा आहे. चावडी ज्यांनी बांधली ते थोडे आणि बऱ्याच अंशी एकसारखे असतात: पुरुष, शहरातले, शिकलेले, हाताशी थोडा वेळ असलेले. ज्यांनी यायला हवं ते अजून मागच्या बोळातच. त्यांना आणायला गेलं की बांधणारे दुखावतात, आणि बांधणाऱ्यांना जपत बसलं की बोळातले तिथंच राहतात. मी या दोन्ही बाजूंना थोडी थोडी आहे, म्हणून हे लिहितेय.

आधी थोडे आकडे. २००८ साली विकिपीडियाच्या वाचक-संपादकांचं जगभर सर्वेक्षण झालं, त्यात संपादकांमध्ये स्त्रिया जेमतेम १३ टक्के निघाल्या. त्यावर बरीच चर्चा झाली आणि विकिमीडिया फाउंडेशननं २०१५ पर्यंत हे प्रमाण २५ टक्क्यांवर न्यायचं लक्ष्य ठेवलं. तेव्हाच्या कार्यकारी संचालक स्यू गार्डनर यांनी विषय लावून धरला होता. २०१५ आलं आणि गेलं. २५ टक्के झाले नाहीत.

त्याच काळातली दुसरी काळजी होती ती आपल्यासारख्या देशांची. इंग्रजी विकिपीडिया लिहिणारे बहुतेक अमेरिका-युरोपातले, मग भारतातून माणसं आणायची कशी? उत्तर म्हणून २०११ च्या मध्यात पुण्यात एक प्रयोग सुरू झाला, 'इंडिया एज्युकेशन प्रोग्रॅम'. सीओईपी, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि एसएनडीटी इथल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, असा तो बेत होता. आकडा हजाराच्या घरात गेला. कागदावर यापेक्षा चांगलं काय असणार? तरुण, भारतीय, मुलीही भरपूर.

पुढं काय झालं ते इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. आपण काचेखाली ट्यूबलाइट लावून ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारलेली पिढी. जर्नल म्हणजे मागच्या बॅचचं जर्नल. सबमिशन म्हटलं की हात आपोआप उतरवून काढायला लागतो, त्यात पाप आहे असं चार वर्षांत कुणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकांतले आणि वेबसाइटींवरचे परिच्छेदच्या परिच्छेद विकिपीडियावर जाऊन पडले. एक परिच्छेद चिकटवायला अर्धं मिनिट लागतं. तो कुठून उचललाय हे शोधून, पुरावा ठेवून, काढून टाकून, वर त्या मुलाला समजावून सांगायला अर्धा तास. हे अर्धे तास जगभरातल्या जुन्या स्वयंसेवकांच्या माथी आले. या प्रयोगात त्यांना आधी कुणी नीट विचारलंही नव्हतं. ते वैतागले, चिडले, त्यांनी चर्चा पानांवर रकानेच्या रकाने लिहिले. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रयोग आवरता घेतला.

या गोष्टीच्या दोन आवृत्त्या मी ऐकल्या आहेत. एकीत भारतीय मुलं कॉपीबहाद्दर असतात. दुसरीत गोरे संपादक नव्या देशांतल्या लोकांना आत येऊ देत नाहीत. मला दोन्ही आळशीपणाच्या वाटतात. मुलांना जे चार वर्षं शिकवलं तेच त्यांनी केलं. संपादकांनी जे काम पत्करलं होतं तेच त्यांनी केलं. ज्यांनी आराखडा बनवला त्यांनी येणारी डोकी मोजली, तपासणाऱ्यांचे तास मोजले नाहीत.

जुन्यांचं माप त्यांच्या पदरात घालायलाच हवं, हेही खरं. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ मध्ये सर्वाधिक होते, ५० हजारांच्या वर. २०१३ पर्यंत त्यातले एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या घसरणीचा अभ्यास मांडला. त्यांना दिसलं ते असं: खोडसाळ बदल रोखायला जी हत्यारं आणि नियम तयार झाले, ते चांगल्या मनानं आलेल्या नवख्यांनाही तितक्याच झटपट हाकलत होते. पहिलंच वाक्य पुसलं गेलेला माणूस परत येत नाही. म्हणजे राखण चोख झाली आणि रान ओस पडलं. राखणदारांना ते उशिरा कळलं, आणि काहींना अजून कळलेलं नाही.

आता माझ्या अंगणातलं सांगते. प्रकल्पाचं नाव घेत नाही, कारण त्यातली माणसं अजून एकमेकांशी बोलतात आणि ते तसंच राहावं.

हे एक मुक्त-स्रोत ॲप आहे. शेतीचा जमाखर्च आणि कामांच्या नोंदी ठेवायचं. जगभरातले लोक मिळून ते बनवतात, प्रत्येक भाषेचा गट वेगळा. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मराठी गटाची एक कार्यशाळा झाली, खास मुलींसाठी. चाळीसेक जणी होतो. जेवण चांगलं होतं, टी-शर्टही मिळाला. महिनाभरानं त्यातली मी एकटी उरले होते.

मी उरले ते काकांमुळं. काका म्हणजे मराठी गटाचे सगळ्यात जुने स्वयंसेवक, बँकेतून निवृत्त, पुण्यात राहणारे. मी पाठवलेल्या पहिल्या बावीस ओळींपैकी एकोणीस त्यांनी परत पाठवल्या, आणि प्रत्येकीखाली का ते लिहिलं. कुठं क्रियापद चुकलंय, कुठं बटणावर मावणार नाही इतकं लांब झालंय, कुठं इंग्रजीचा सांगाडा तसाच मराठीत आलाय. तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी रागानं परत लिहिलं, त्यांनी परत तपासलं. पहाटे पावणेदोनला बावीसच्या बावीस ओळी पास झाल्या. वर त्यांनी फक्त 'झकास' असं लिहिलं होतं. त्यांना प्रत्यक्ष भेटले ती तीन वर्षांनी, पुण्यात नोकरी लागल्यावर.

त्या कार्यशाळेच्या अहवालात 'चाळीस महिलांना प्रशिक्षण' असं नक्की लागलं असेल. काकांची ती रात्र कुठल्या रकान्यात गेली असेल?

दोन वर्षांपूर्वी प्रकल्पाला मोठं अनुदान मिळालं. त्याला अट होती: नव्या योगदात्यांपैकी निम्म्या स्त्रिया हव्यात आणि पुण्या-मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतलं प्रमाण वाढवायला हवं. मला ही अट तेव्हा बरोबर वाटली आणि आजही वाटते. कारण सांगते. आमच्या ॲपमध्ये पेरणीच्या औताला 'पाभर' होतं. रान भुसभुशीत करायला 'कुळवणी'. काम अंगावर देण्याला 'ठेका'. लोह्यात पाभर कुणी म्हणत नाही, तिफण म्हणतात. कुळवत नाहीत, वखरतात, पाळी घालतात. आणि ठेका वगैरे काही नाही, 'गुत्तं' देतात. वाचणाऱ्याला अर्थ लागतो, नाही असं नाही. पण आपल्याच रानाची नोंद दुसऱ्याच्या बोलीत करायची म्हटलं की माणूस दोन दिवस करतो आणि मग वहीकडं वळतो. आमच्या घरी तेच झालं होतं. बाबांनी ॲप उघडलं, 'हे तुमच्या पुण्याचं हाय' म्हणाले आणि कॅलेंडरच्या मागं लिहायला लागले.

अनुदानातून नांदेड-लातूरकडच्या चौदा-पंधरा मुली गटात आल्या. एकीचं गाव माळाकोळीजवळ, म्हणजे माझ्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर. आल्या आल्या त्यांनी काढलेल्या चुका नुसत्या शब्दांच्या नव्हत्या. मजुरीचा रकाना एकच होता, 'मजूर'. त्यांनी विचारलं, बायांचा रोज वेगळा असतो आणि गड्याचा वेगळा, मग एकाच रकान्यात कसं मांडायचं? निंदणी, वेचणी बाया करतात, त्याचे पैसे कुणाच्या हातात गेले हे कुठं लिहायचं? आणि घरचीच बाई दिवसभर रानात राबली तर तिची नोंद कुठं? ॲपच्या हिशेबात ती नव्हतीच. शेतात खत दिसत होतं, डिझेल दिसत होतं, माय दिसत नव्हती. हे सुचायला बाईच लागते असं मी म्हणणार नाही. बारा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच सांगते.

त्याच दीड महिन्यात दुसरंही घडत होतं. अनुदानाच्या मुदतीत आकडा दाखवायचा होता, म्हणून 'आठवड्याला इतक्या ओळी' असा नेम लागला. साडेतीनशेच्या वर बदल तपासणीला येऊन पडले. बरेच सरळ मशीनमधून काढलेले. काहींत ज्या खुणेच्या जागी ॲप आकडा भरतं ती खूणच पुसलेली, म्हणजे शेतकऱ्याला 'तुमचा खर्च रुपये' इतकंच दिसणार. तपासायला काका एकटे. मी तेव्हा नोकरी बदलत होते, माझे आठवड्याचे दोन तास ते काय. काकांची उत्तरं आखूड होत गेली. आधी चार ओळी यायच्या, मग एक, मग नुसतं 'नाही'. माळाकोळीच्या मुलीनं 'तिफण' पाठवलं, त्यावर आलं, 'प्रमाण शब्द वापरावा.'

ती दुखावली, आणि का दुखावणार नाही? प्रमाण कुणाचं? तिनं गटात विचारलं, बाकीच्यांनी तिची बाजू घेतली. मग अनुदानाचं काम बघणाऱ्यांकडून काकांना एक पत्र गेलं, इंग्रजीत, नव्यांशी स्वागतशील वागावं अशा आशयाचं. काका भांडले नाहीत. उत्तरही दिलं नाही. एका मंगळवारी रात्री दहा पन्नासला त्यांनी शेवटची ओळ तपासली आणि थांबले. बारा वर्षांचं काम, निरोपाचा एक शब्द नाही.

नंतरचे तीन महिने मी विसरणार नाही. बदल येत राहिले आणि साठत राहिले. तपासायचा हक्क काका आणि मी धरून चौघांकडं होता. उरलेल्या दोघांतले एक परदेशी गेलेले, दुसरे जे होते त्यांच्याबद्दल पुढं सांगते. हळूहळू मुली गळायला लागल्या. एकीला मी फोन केला तर म्हणाली, 'ताई, आम्ही पाठवलेलं कोणी बघूलालंच नाही. मग कायला करायचं?' काकांच्या 'नाही'चा तिला राग होता. पण 'नाही' म्हणायलाही कुणी उरलं नाही म्हणून ती गेली. विविधतेसाठी जुन्यांना थोडं बाजूला सारावं लागतं, असं सहज म्हटलं जातं. आमच्याकडं जुना माणूस बाजूला झाला आणि त्याच्यामागून पहिल्या बाहेर पडल्या त्या ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या.

मोठ्या ठिकाणीही हे असंच फसतं, फक्त आवाज मोठा होतो. २०१९ च्या जूनमध्ये विकिमीडिया फाउंडेशननं इंग्रजी विकिपीडियाच्या एका जुन्या प्रचालकावर वर्षभराची बंदी घातली. त्याचं वागणं छळाचं आहे अशा तक्रारी होत्या, पण तक्रारी कोणत्या हे समुदायाला सांगितलं नाही. वीसहून अधिक प्रचालकांनी निषेध म्हणून पद सोडलं. सप्टेंबरमध्ये समुदायाच्याच निवाडा समितीनं बंदी उठवली, प्रचालकपद मात्र परत दिलं नाही. मला त्यातला दोन्हीकडचा राग कळतो. छळ सोसलेल्या माणसाचं नाव चावडीवर फोडायचं नसतं. पण वरून आलेला, कारण न सांगणारा हुकूम घरच्यांच्या गळी उतरत नाही, तो बरोबर असला तरी. २०२१ मध्ये सगळ्या विकिमीडिया प्रकल्पांसाठी एकच आचारसंहिता मंजूर झाली. ती हवीच होती. आमच्या गटात तसलं काही लेखी असतं तर पुढचा प्रसंग इतका लांबला नसता.

तो प्रसंग थोडक्यात. तपासणीचा हक्क असलेले जे दुसरे गृहस्थ, तेही जुनेच, त्यांचा मुलींशी बोलायचा सूर वेगळा होता. चुका कमी, शेरे जास्त. 'आधी मराठी शिका', 'हे स्वयंपाकघर नाही', असलं. एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी गट सोडायची धमकी दिली, तेव्हा आम्ही 'बरं' म्हटलं. त्यांच्या दहा वर्षांच्या कामाबद्दल मला आदर आहे. त्यांना थांबवायला मी फोन केला नाही. जुन्यांना जपायचं म्हणजे प्रत्येक जुन्याला जपायचं असं नाही. दमलेला माणूस आणि हाकलणारा माणूस लांबून सारखेच दिसतात, दोघंही तुटक बोलतात. फरक कळायला त्यांची आधीची दहा उत्तरं वाचावी लागतात, आणि ते काम कुठल्याही आकड्यात धरलेलं नसतं.

याच्या उलट एक उदाहरण मला फार आवडतं. जुलै २०१५ मध्ये रोझी स्टीफन्सन-गुडनाइट आणि रॉजर बॅमकिन या जुन्या संपादकांनी 'विमेन इन रेड' सुरू केलं. विकिपीडियावर जो लेख अजून नाही त्याचा दुवा लाल दिसतो, त्यावरून हे नाव. तेव्हा इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांत स्त्रियांची चरित्रं साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास होती, आज ती वीस टक्क्यांच्या घरात आहेत. आकडा छोटा वाटेल, पण एकूण चरित्रं लाखोंनी आहेत, त्यात पाच टक्के हलवणं म्हणजे डोंगर हलवणं. मला त्यातलं पटतं ते हे की त्यांनी कुणाला 'तुम्ही पुरुष आहात, सरका' असं म्हटलं नाही. लाल दुव्यांच्या याद्या केल्या आणि म्हणाले, या, लिहा. ज्यांना नियम तोंडपाठ होते, कुठला लेख टिकतो आणि कुठला उडतो हे माहीत होतं, तेच जुने हात कामाला लागले. आणि नव्यांना त्यांच्या शेजारी बसायला जागा मिळाली.

पण यानं सगळं सुटत नाही. डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये विकिपीडियावर परत पाठवला गेला होता, पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून. ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. परत पाठवणाऱ्यानं नियम पाळला होता. पुरेसे संदर्भ नव्हते, कारण त्यांच्याबद्दल आधी कुणी फारसं लिहिलंच नव्हतं. आता हेच माप माळेगावला लावून बघा. लोहा तालुक्यातली खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षात भरते, घोडे, गाढवं, उंट, लावणीचे फड, भटक्या समाजांची दुरून दुरून आलेली बिऱ्हाडं. यात्रेवर बातम्या मिळतील. पण गाढवांच्या बाजारात दात बघून वय सांगणारी जी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या भाषेतले शब्द कुठल्या पुस्तकातून दाखवणार? मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांची पानं एकाच साच्यातली आहेत: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. साचा पक्का आणि आत काही नाही. मराठीत उत्तरं देणारी एआय मॉडेल्स असल्याच पानांवर वाढतात, म्हणजे उद्या त्यांनाही आमच्या गावाबद्दल एवढंच माहीत असणार.

यावर विचार झालेलाच नाही असं नाही. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी 'पीपल आर नॉलेज' नावाचा प्रकल्प केला, भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत. मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांत. जे कुठं छापलेलं नाही ते जाणत्या माणसाच्या तोंडून रेकॉर्ड करायचं आणि तेच रेकॉर्डिंग लेखाला संदर्भ म्हणून जोडायचं. जुन्या संपादकांना हे रुचलं नाही. त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. कुणीही उठून काहीही रेकॉर्ड करील, मग खरं-खोटं पारखायचं कसं? प्रश्न तिथंच राहिला.

काकांना परत आणलं ते माळाकोळीच्या मुलीनं. मी नाही, अनुदानवाल्यांनी तर नाहीच. तिनं माझ्याकडून नंबर घेतला आणि सरळ फोन लावला. 'काका, तुम्ही पाभर का लिहिलंय? आमच्याकडं तिफणच म्हणतेत.' तिला भांडायचंच होतं. फोन चाळीस मिनिटं चालला. काका जुन्नरकडचे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांची कोरडवाहू जमीन होती, ती विकून पोरं शिकली. पाभरीमागं चाडं धरून चालायचं काम लहानपणी काकांकडं असायचं. त्यांनी ॲपमध्ये 'पाभर' लिहिलं ते पुस्तकातलं प्रमाण म्हणून नव्हे. तो त्यांच्या घरचा शब्द होता. पुढं बारा वर्षं तो शब्द ॲपमध्ये राहिला आणि न बोलताच प्रमाण होऊन बसला. मुलीनं मला नंतर सांगितलं, 'ताई, मला वाटलं ते पुण्याचे साहेब असतील. ते तर आपल्यासारखेच निघाले. फक्त नदी वेगळी.'

परत येताना काकांनी दोन अटी घातल्या. आठवड्याला तीनच तास. आणि ज्याच्या पन्नास ओळी पास झाल्या त्याला तपासायचा हक्क द्यायचा, मग तो कुठला का असेना. दुसरी अट आधीच कुणाला सुचली असती तर साडेतीनशे ओळी एकट्याच्या अंगावर पडल्या नसत्या. आता सात जण तपासतात, त्यातल्या चार मुली. आकड्यांचा नेम काढून टाकला. अनुदानवाल्यांशी त्यावरून वाद झाला आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता कमी आला, तो आम्ही सोसला. पंधरातल्या सहा टिकल्या. मला सहा पुष्कळ वाटतात, आमच्या वेळी चाळिसांत एक होती.

शब्दांचं काम माझ्या वाट्याला आलं, कारण ते शेवटी कोडचं काम आहे. आता ॲप सुरुवातीलाच जिल्हा विचारतं. नांदेड निवडलं की तिफण दिसते, पुणे निवडलं की पाभर. ऐकायला सोपं आहे. करताना एकाच भाषेच्या आत भाषा ठेवायची सोय मूळ आराखड्यात नव्हती, त्यामुळं दोन दिवाळ्या त्यात गेल्या. मजुरीचे रकाने वेगळे झाले. घरच्या बाईच्या कामाचा रकाना आला, पण त्यात मजुरीचा आकडा टाकायचा की नुसते तास, यावर गटात अजून एकमत नाही. काका म्हणतात तास. मुली म्हणतात, आकडा टाकल्याशिवाय घरात कुणी बघत नाही.

गेल्या महिन्यात 'गुत्तं' हा शब्द तपासणीला आला. काकांनी परत पाठवला. शब्दाला हरकत नव्हती. अर्थ त्यांना नक्की करून हवा होता: ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे, की दिवसाचे? कुठं छापलेलं असलं तर दाखवा, असं त्यांनी लिहिलं. मुलीनं आपल्या आईचा आवाज रेकॉर्ड करून जोडला. सतरा सेकंद. मागं कोंबड्या ओरडतायत, आणि आई सांगतेय की एकरभर सोयाबीन काढायचं गुत्तं घेतलं तर किती बाया लागतात आणि पैसे कसे वाटून घेतात. काकांनी ते तीनदा ऐकलं म्हणे. एकोणीस दिवस झाले, ती ओळ अजून पास झालेली नाही. काल रात्री त्यांनी खाली लिहिलंय, 'आईंना विचार, काम मधेच पावसानं थांबलं तर काय करतात.'